पालाच तर आहे, कुजेल की!

पुण्यात टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी बघितलंच असेल, पायथ्याशी जिथे टेम्पो वळवता येतो बरोब्बर तिथे सोसायट्यांच्या बागेतली छाटणी टाकलेली असते आणि कुणाला हटकलं तर उत्तर ठरलेलं, "अहो प्लास्टिक थोडंच आहे, पालाच तर आहे, कुजून खत होईल."

कुजतं ना, पण सगळं नाही. ते वेडेलिया बघा, लॉनच्या कडेला पिवळ्या फुलांचं लावतात ते, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. त्याची कापलेली वीतभर फांदी हातात घेऊन नीट बघा, जमिनीला टेकलेल्या पेरापेराला पांढरी मुळं फुटलेली दिसतील, म्हणजे पावसाळ्यात गोणी उपडी केली की तुम्ही कचरा टाकला नाही, लागवड केलीत. मनी प्लांटचंही तेच, कुंडीत गरीब दिसतो पण ओढ्याकाठच्या झाडावर चढला की पानं सुपाएवढी.

बागेतल्या केशरी फुलांच्या कॉसमॉसला तर तुकडाही लागत नाही, वाळलेल्या फुलांतलं बी पुरतं. पावसाळा सरता सरता उतार केशरी झाले की लोक रील काढायला धावतात, छान दिसतं हे मान्य, पण त्याच्या दाटीत इथलं गवत मागे पडतं, मग गवतातले किडे कमी, आणि त्यावर जगणारे, तिथेच जमिनीवर घरटं करणारे चंडोल जाणार कुठे? फुलपाखरं बसतात की त्यावर असं म्हणतात लोक. बसतात, मध प्यायला! अंडी घालायला ठराविक झाड लागतं, बिबळ्या कडवा या फुलपाखराला रुई लागते, ती उपटून आपण शोभेचं लावतो.

(बाहेरून आलेलं गाजरगवतही भारतात 1955 च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं होतं, तेव्हा या विषयात आपला अनुभव दांडगा आहे.)

टबातली जास्तीची जलपर्णी ओढ्यात सोडणारे वेगळेच महान, पाण्यावर तिची चादर पसरली की खाली उजेड नाही, ऑक्सिजन नाही, मासे गुदमरतात.

करायचं काय तर वेलींचे तुकडे गच्चीवर कडक उन्हात पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायचे आणि मगच खताच्या खड्ड्यात, बी धरायच्या आत फुलं खुडायची, बस. आमच्या माळीकाकांना हे सांगितलं तर म्हणाले, मग वेडेलिया लावताच कशाला, आबोली लावा की. कमिटीला विचारलंय, त्यांना वर्षभर पिवळं हवंय.