कुंभार्ली घाटाआधी उघडलेले बॉनेट

चिपळुणात मोटारी दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे, आणि गौरी-गणपतीचे दिवस संपून चाकरमानी परतीला लागले की आमच्याकडे कामाची एकच घाई उडते. ब्रेक तपासून द्या, चाकांत हवा भरा, वायपरची रबरे बदला, अशी लहान लहान कामे घेऊन माणसे येतात आणि त्यांचे अर्धे लक्ष गाडीत बसलेल्या मुलाबाळांकडे आणि घड्याळाकडे असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी माझ्याकडे आलेली एक पेट्रोलची गाडी मला अजून आठवते, कारण तिची तक्रार अगदी किरकोळ होती आणि त्या तक्रारीच्या मागे जे निघाले ते किरकोळ नव्हते.

गाडी वाशिष्ठीच्या खोऱ्यातल्या एका गावातून आली होती. सोबत निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले एक वयस्क गृहस्थ होते, ज्यांना सारा गाव गुरुजी म्हणूनच ओळखतो. त्यांचे चिरंजीव पुण्यात नोकरीला होते आणि सहकुटुंब परत निघाले होते. सून आणि दोन नाती मागच्या बाकावर बसल्या होत्या. गुरुजींना मोठ्या डॉक्टरांना डोळे दाखवायचे असल्याने तेही पुण्याला चालले होते. चिरंजीव म्हणाले, "मिस्त्री, काचेवर पाणी मारायचा पंप वाजतो, पण पाणी येत नाही. घाटात धुके आणि चिखल असणार, तेवढे पाहून द्या. दहा मिनिटांत निघायचे आहे."

कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराडमार्गे त्यांना पुणे गाठायचे होते. त्या घाटात भाद्रपदातही पुढचे वळण दिसत नाही असे ढग उतरतात, तेव्हा काच धुण्याची सोय हवीच, हे त्यांचे म्हणणे रास्त होते.

मी बॉनेट उघडले. पंपापासून काचेकडे जाणारी बारीक रबरी नळी मधूनच तुटलेली होती. तुटलेले टोक मी बोटांत धरून उजेडात पाहिले. रबर म्हातारे होऊन तडकले असते तर टोक खरखरीत झाले असते आणि नळीवर इतरत्रही भेगा दिसल्या असत्या. हे टोक तिरके, स्वच्छ कापल्यासारखे होते आणि कडेला एकमेकांना लागून दोन-दोन बारीक चऱ्या होत्या. त्या चऱ्या उंदराच्या पुढच्या दातांच्या असतात. बॉनेटच्या मागच्या कडेला काचेखाली जी रबरी पट्टी असते, तिचाही एका बाजूचा लचका गेला होता. ती झिजली असेल असे समजून कोणी तिकडे पाहिलेच नव्हते.

येथे उंदरांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते रबर खाऊन पोट भरतात असा पुष्कळांचा समज आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि त्यांच्या पुढच्या अंगावरच कठीण आवरण असल्यामुळे मागचा भाग लवकर झिजून त्यांना पटाशीसारखी धार येत राहते. ते दात आटोक्यात ठेवण्यासाठी, वाट मोकळी करण्यासाठी आणि घरट्याला लागणारा भुसा मिळवण्यासाठी तो दिसेल ते कुरतडतो. मऊ रबर, वायरीवरचे प्लॅस्टिक आणि बॉनेटखालचा आवाज अडवणारा नमदा ही त्याच्या दातांना सोयीची वस्तू. कोकणात पावसात बिळे पाण्याने भरतात, घराच्या वळचणीत आणि माडावर वावरणारा काळा उंदीर कोरडी जागा शोधतो, आणि बंद बॉनेटखाली त्याला आडोसा मिळतो. गाडी नुकतीच उभी केलेली असली तर ऊबही मिळते. गुरुजींच्या खळ्यात ही गाडी नऊ दिवस हललेली नव्हती.

माझा मदतनीस मुलगा वॉशरची नवी नळी कापून घेऊन आला होता. ती बसवली असती तर दहा मिनिटांचे काम दहा मिनिटांत झाले असते. परंतु उंदीर एका ठिकाणी दात लावून थांबत नाही, हे मला एका जुन्या चुकीने शिकवले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गाडीच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, होजवर अशाच चऱ्या मला दिसल्या होत्या. गिऱ्हाईक घाईत होते म्हणून मी वरून चिकटपट्टी गुंडाळून दिली. ती नळी घाटात फुटली, इंजिन तापले, हेडचे गॅस्केट गेले आणि ते कुटुंब रात्री पावसात रस्त्याच्या कडेला अडकून पडले. ती दुरुस्ती मी पदरचे पैसे घालून केली, पण त्या रात्रीची भरपाई पैशाने होणारी नव्हती. तेव्हापासून दाताची एक खूण दिसली की सगळ्या नळ्या आणि वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

म्हणून मी बॅटरी काढायला घेतली. बॅटरीच्या तबकामागे नारळाच्या सोडणाचा काथ्या, भाताचा पेंढा आणि बॉनेटच्या नमद्याचे तुकडे यांचा एक गोळा दिसला. मी तबक हलवताच त्यातून एक उंदरी उडी मारून माझ्या मनगटावरून खाली गेली आणि जांभ्याच्या कुंपणात नाहीशी झाली. काथ्यात पाच गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्ले होती. म्हणजे ते घरटे पिल्लांसह त्या सकाळी गावातून चिपळूणपर्यंत आले होते.

मुलाने हवेची बंदूक उचलली होती. एका झोतात सगळी घाण उडून जाईल असे त्याला वाटले. मी ओरडूनच त्याला थांबवले. उंदराच्या मुतातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, संसर्ग होतो, आणि आमच्या भागात दर पावसाळ्यात त्या तापाची धास्ती असते. हवेच्या झोताने ती घाण तोंडावर, डोळ्यांत आणि हातावरच्या ओरखड्यांत उडाली असती. रबरी हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून आम्ही लेंड्या आणि काथ्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आधी भिजवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग पुसून काढला. पिल्लांचा गोळा त्याआधीच मी फावड्यावर घेऊन कुंपणाजवळ, उंदरी गेली त्या बाजूला ठेवला. धाकटी नात काचेतून हे पाहत होती. तिच्या देखत मला दुसरे काही करवले नसते, आणि ती नसती तरी मी तेच केले असते.

घरटे निघाल्यावर त्याच्या मागची पेट्रोलची नळी दिसली. टाकीतून येणारा धातूचा पाइप जिथे संपतो तिथून इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या रेलपर्यंत ही लवचिक होज जाते. तिच्या वरच्या रबराचा बोटाच्या पेराएवढा भाग पूर्ण गेला होता, आतल्या दोऱ्याची वीण उघडी पडली होती आणि ती वीण ओलसर होती. अशा गाडीत या नळीतले पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाखाली असते, म्हणजे चाकातल्या हवेच्या दाबाहून जास्त. मी चिरंजीवांना जवळ बोलावले, आग विझवायचे नळकांडे हाताशी ठेवले, मुलींना गाडीतून उतरवून दूर बसवले, आणि बॅटरी जोडून इंजिन न लावता फक्त किल्ली पुढच्या घरापर्यंत फिरवून पंप चालू होऊ दिला. विणीवर एक थेंब जमला, फुगला आणि खाली घसरला. त्याच्या खाली वीतभर अंतरावर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड होता, जो घाट चढताना हाताने शिवता येणार नाही इतका तापतो.

किल्ली काढून मी बॅटरीची तार सोडवली. सूनबाई तेव्हा म्हणाल्या, "सकाळपासून मला गाडीत पेट्रोलचा वास येत होता. मी दोनदा म्हटले, पण पंपावर टाकी भरली होती, त्याचाच असेल असे आम्हाला वाटले." पेट्रोल भरल्याचा वास थोड्या अंतराने विरतो. पंखा चालू केला की वाढणारा वास हा बॉनेटखालून येतो, कारण आत येणारी हवा काचेच्या पायथ्यापासून ओढली जाते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चिरंजीवांनी विचारले, "तेवढा तुकडा कापून साधी नळी क्लिपने जोडता येणार नाही का? दुसऱ्या दिवशी पुण्यात कंपनीची बसवून घेतो." प्रश्न चुकीचा नव्हता, कारण रस्त्यावर अशा जोडण्या सर्रास केल्या जातात. मी त्यांना नकार दिला. या नळीच्या दोन्ही टोकांचे जोड कारखान्यातच बसवलेले असतात. मधे तोडून क्लिपा लावल्या की गळण्याची आणखी दोन ठिकाणे तयार होतात. शिवाय पाण्याची किंवा कूलंटची नळी ज्या रबराची असते ते पेट्रोलने फुगते आणि मऊ पडते. गाडी मी सोडणार नाही, एवढेच मी बोललो, आणि माझा आवाज चढला होता हे मला नंतर जाणवले. गुरुजी बाकावरून उठले, त्यांनी स्वतः वाकून ती वीण पाहिली आणि मुलाला म्हणाले, "डॉक्टर उद्याही भेटतील. मिस्त्रींना त्यांचे काम करू दे."

चिपळुणात त्या गाडीची होज मिळाली नाही. कराडच्या एका दुकानदाराने ती एसटीने पाठवली आणि संध्याकाळी आम्ही स्थानकावरून उतरवून घेतली. मधला वेळ वाया गेला नाही. इंजेक्टरच्या दोन वायरींचे आवरण खरवडलेले निघाले, त्या झाळून वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. गाडी वर उचलून ब्रेकच्या होज आणि चाकांकडच्या दांड्यांचे रबरी बूट हाताने तपासले. ते सुदैवाने शाबूत होते. दारांची रबरेही पाहिली.

रबर वाचवायचे उपाय लोक नाना प्रकारचे सांगतात. तंबाखूची पाने मी बांधून पाहिली आहेत. वास ताजा असेपर्यंत उंदीर बिचकतो, नंतर त्याच पानांवर लेंड्या सापडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास उंदराआधी आत बसलेल्या माणसांना सोसावा लागतो. काही जण नळ्यांना जुने ऑइल किंवा ग्रीस फासतात, ते तर कधीच करू नये, कारण कूलंटच्या होजचे रबर खनिज तेलाने बिघडते आणि उंदराने सोडलेली नळी आपणच खराब करतो. विष घातले तर उंदीर पंख्याच्या नळकांड्यात जाऊन मरतो आणि विष खाल्लेल्या उंदराला मांजर, घुबड किंवा धामण खाते. खळ्यातले उंदीर वर्षभर कमी ठेवणारी धामण मारून आपण काय मिळवणार?

माझा भर धातूवर असतो. नव्या पेट्रोल होजवर आणि उघड्या वायरींवर मी स्टीलच्या तारेची विणलेली बाही चढवली. बॅटरीच्या टोकांजवळ मात्र साधी प्लॅस्टिकची कुरळी नळी वापरली, कारण तिथे तार टेकली तर शॉर्ट होईल. पंख्याच्या हवेच्या तोंडाशी ६ मिलिमीटर भोकांची गंज न धरणारी जाळी बसवली. इंजिनाखालचा भाग पूर्ण बंद करता येत नाही, करूही नये, कारण थंडाव्याला हवा लागते. म्हणून उरलेले काम गाडी उभी करण्याच्या जागेचे असते, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात. गुरुजींना विचारले तेव्हा कळले की गाडीच्या एका बाजूला सोडणांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला पेंढ्याची उडवी होती, आणि वरून जमिनीपर्यंत ताडपत्री झाकलेली होती. उंदराला उघड्यावरून धावायला भीती वाटते. त्या ताडपत्रीने त्याला थेट चाकापर्यंत झाकलेली वाट मिळाली होती.

रात्री नऊच्या सुमारास होज बसवून, पंप चालू ठेवून मी एकेक जोड कागदाने पुसून पाहिला. कागद कोरडा राहिला. मंडळी त्या रात्री चिपळुणात नातेवाइकांकडे राहिली आणि सकाळी उजेडात घाट चढली. सर्वांत शेवटी, निघताना, मी वॉशरची नळी बदलून दिली.

दिवाळीनंतर एका रविवारी गुरुजी मुलासह तीच गाडी घेऊन आले. या खेपेला ती आठ दिवस गावी उभी होती. गुरुजींनी सोडणे आणि पेंढा गोठ्याच्या पलीकडे हलवला होता, खळ्याच्या मध्यावर चिऱ्याची मोकळी जागा केली होती, ताडपत्री काढून टाकली होती, आणि रोज संध्याकाळी बॉनेट उघडून तिथे एक दिवा लावून ठेवत होते. मी हातमोजे घालून आत पाहिले. एका चाकाच्या वरच्या कोपऱ्यात तीन-चार लेंड्या होत्या, म्हणजे उंदीर आला होता. होजवरच्या तारेच्या विणीत काथ्याचे दोन धागे अडकलेले होते. ते चिमट्याने काढून मी बाही मागे सरकवली आणि गुरुजींनी नवा चष्मा सावरून आत पाहिले. खालचे रबर कारखान्यातून आले तसे काळे आणि अखंड होते.