फॉर्मला ९.८ मान्य नव्हतं

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या पोषणाचं सर्वेक्षण ठरलं, तेव्हा मोबाईलवरचा फॉर्म तयार करायचं काम माझ्याकडे आलं. तोवरचा माझा सगळा अनुभव कागदाचा. मी एपी इन्फोवर शिकले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने १९८५ साली पहिल्यांदा काढलेलं ते मोफत सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कितीतरी मेडिकल कॉलेजांच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्राच्या, विभागांत वापरलं गेलंय. गावातून कागदी फॉर्मचे गठ्ठे यायचे, एकच गठ्ठा दोघं जण वेगवेगळा टाइप करायचे आणि मग दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघायच्या. आकडा जुळला नाही की गठ्ठ्यातून कागद काढायचा. वेळ जायचा, पण खरं काय ते कागदावर असायचं.

मोबाईलवर तो कागदच नसतो. पाड्यावर बसून माहिती भरणाऱ्या ताईंनी जे भरलं तेच मूळ आणि तेच शेवटचं. ही गोष्ट मला डोक्याने कळली होती, पण तिचा अर्थ उमगायला पायलटचे, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीचे, चार दिवस जावे लागले.

फॉर्म एक्सेलमध्येच लिहिला. एका शीटवर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, तिसऱ्यावर फॉर्मचं नाव आणि भाषा. ही फाइल कोबो या माहिती गोळा करायच्या साधनावर चढवली की फोनमध्ये फॉर्म उघडतो, नेटवर्क नसतानाही भरता येतो आणि रेंज मिळाली की पाठवता येतो. मोखाड्याच्या दऱ्याखोऱ्यांत याशिवाय काम होणारच नव्हतं. प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना मर्यादेचा असतो: उत्तर एवढ्या आकड्यांच्या आतच हवं, नाहीतर पुढचा प्रश्न येणार नाही. कागदावर मी १२.५ च्या जागी १२५ लिहिलेलं इतक्यांदा पाहिलं होतं, की हा रकाना मला वरदान वाटला. दंडघेराला, म्हणजे बाळाच्या दंडाच्या घेराला, मी ११ ते २० सेंटिमीटर अशी मर्यादा घातली आणि वजनाला ५ ते २५ किलो. ऑफिसात बसून जुन्या एका सर्वेक्षणातले आकडे चाळले होते, त्यांत ११.२ च्या खाली कोणी नव्हतं.

पायलटमध्ये नव्या साधनाची सवय व्हावी म्हणून ताईंना मापं वहीतही लिहायला सांगितली होती. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही वही आणि फोन ताडून बघायचो. तिसऱ्या दिवशी एका ताईंच्या वहीत दंडघेर ९.८ होता आणि फोनमध्ये ११. वजन वहीत ४.६, फोनमध्ये ५. मी विचारलं, तर त्या सरळ म्हणाल्या, "मॅडम, पुढं जाऊच देत नव्हता. मग जिथं घेतलं तिथं थांबले."

ती अंगणवाडीत पंधरा वर्षं काढलेली बाई. मापात तिची चूक नव्हती. दंडघेर ११.५ च्या खाली गेला की बाळ अतितीव्र कुपोषित. दंड मोजायच्या पट्टीवरचा हा धोक्याचा लाल भाग तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. आणि आम्ही सर्वेक्षण करत होतो ते नेमकं अशाच बाळांसाठी. ज्या बाळाला शोधायला निघालो त्यालाच माझा फॉर्म आत येऊ देत नव्हता.

११ हा आकडाही लाल भागातच पडतो, म्हणजे वर्गवारी बदलली नसती, असं कोणी म्हणेल. मीही त्या रात्री स्वतःला हेच समजावत होते. मग सगळी नोंद उघडली, तर बरोब्बर ११.० अशी तीन बाळं होती. तिघांचे खरे आकडे वहीत वेगवेगळे. वही नसती तर सगळ्यात अशक्त तीन मुलं एकाच आकड्यावर गोठून राहिली असती आणि मला ते कधीच कळलं नसतं. ९.८ चं बाळ अकरा महिन्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन आम्ही त्या घरी गेलो आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी दिली.

फॉर्म मी मुळापासून बदलला. मर्यादा ठेवली, पण फक्त दशांश चिन्ह चुकलेलं पकडेल एवढी सैल: दंडघेर ६ ते ३०. या साधनात 'इशारा दे, पण जाऊ दे' अशी सोय मर्यादेच्या रकान्यात नाही. ती मर्यादा अडवतेच. म्हणून वेगळी वाट काढली. ११.५ पेक्षा कमी किंवा २० पेक्षा जास्त आकडा आला, तरच पुढे आणखी एक प्रश्न उघडतो: 'पट्टी काढून पुन्हा मोजा आणि दुसरं माप इथं लिहा.' पहिलं माप पुसलं जात नाही, दोन्ही राहतात. दुसरंही ११.५ च्या खाली असेल तर पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना येते, की चिठ्ठी द्या आणि आशाताईंना कळवा. वजन-उंचीचं गुणोत्तर डब्ल्यूएचओच्या २००६ च्या मानकांशी ताडून संशयास्पद नोंदी वेगळ्या काढणं हे काम मी फॉर्ममधून उचलून रात्रीच्या तपासणीत नेलं. उन्हात, रडतं बाळ समोर असताना, कोणाकडूनही अशा नोंदीचा खुलासा मागू नये.

खरी दमछाक वयाने केली. वजन-उंचीला वय लागत नाही, पण खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, मोजायचा तर दोन-तीन महिन्यांची चूकही निकाल फिरवते. माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर? पहिल्या फॉर्ममध्ये मी पूर्ण तारीख सक्तीची केली होती, आणि आठवणीवरून सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या तारखा महिन्याच्या एक तारखेच्या निघाल्या. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेले १ जूनचे वाढदिवस घरोघरी आहेत. मी तेच यंत्राकडून करून घेत होते. आता आधी विचारते, तारीख कशावरून: कार्ड, दाखला, की आठवण. आठवण असेल तर दिवस विचारतच नाही, फक्त महिना आणि साल. गणितासाठी १५ तारीख धरते. महिना ठरवायला ताईंबरोबर बसून मागच्या पाच वर्षांची यादी केली: होळी, भाताची लावणी, वाघबारस, दिवाळी, पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर गेली तो आठवडा, परतली तो आठवडा. बाळ लावणीच्या आधीचं की नंतरचं, हे आईला लख्ख आठवतं. ती यादी फॉर्ममध्ये घातल्यावर वय पूर्ण वर्षांत सांगितल्याने १२, २४ आणि ३६ महिन्यांवर होणारी गर्दी डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

भाषेचं म्हणाल तर 'अतिसार' हा शब्द पहिल्याच घरी गळून पडला. 'मागच्या दोन आठवड्यांत बाळाला हगवण लागली होती का, दिवसात तीनदा किंवा जास्त पातळ शी झाली का' असं केलं. आहाराच्या यादीत मी 'मांस, मासे' लिहिलं होतं. सुकट मात्र 'इतर'मध्ये पडत होती, कारण सुकटीला तिथं कोणी मासे म्हणत नाही. काल दिवसरात्रीत बाळाने अन्नाच्या आठ गटांपैकी किमान पाच गट खाल्ले का, हे मोजायचं असताना असा एक शब्द चुकला तर अख्खा गट हुकतो. नाचणी, वरई, उडीद, सुकट, चिंबोरी ही नावं मग थेट पर्यायांत आली. 'माहीत नाही'ला ९९ हा आकडा देण्याची कागदावरची जुनी पद्धतही काढून टाकली. त्याचं वेगळं बटण केलं.

'घर बंद' हा पर्यायही आधी नव्हता. कुलूप दिसलं की ताई शेजारचं घर घ्यायच्या. दिवाळीनंतर कुलूप लागतं ते भिवंडी-वसईकडे भट्टीवर गेलेल्यांच्या घराला, आणि ती मुलं वगळली तर उरलेल्यांची सरासरी उगाचच बरी दिसते.

शेवटी 'शेरा' म्हणून एक मोकळी चौकट ठेवली. एका सहकाऱ्याचा तिला विरोध होता, कारण मोकळा मजकूर मोजता येत नाही. मुख्य सर्वेक्षणाच्या काळात रोज रात्री मी सगळ्यात आधी तीच वाचायचे. फॉर्मचा आईविषयीचा भाग कोरा असलेल्या बऱ्याच नोंदींत तिथं एकच वाक्य थोड्याफार फरकाने होतं: आई भट्टीवर, बाळ आजीजवळ. पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये आईच्या शिक्षणाच्या आधी एक नवा प्रश्न घातला आहे: 'सध्या बाळाला जेवू कोण घालतं?' आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न त्या माणसाला आहेत.