चौकटीत हरवलेली कसोटी

क्रीडा पानावर मी चौदा वर्षं काम करते आहे. चिडलेल्या वाचकांचे फोन सवयीचे झालेत. त्या दिवशीचा आवाज मात्र शांत होता.

"मॅडम, तुमच्या कालच्या पुरवणीत एक कसोटी हरवली आहे."

पुरवणी भारतीय संघाच्या इतिहासावर होती. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सी. के. नायडूंचा संघ पहिली कसोटी खेळायला उतरला आणि महंमद निसारने इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांच्या यष्ट्या उडवल्या, तिथून सुरुवात. मग १९५२ची मद्रास कसोटी : विनू मंकडचे बारा बळी आणि भारताचा पहिला विजय. शेवटी १९८३, पुन्हा २५ जून, पुन्हा लॉर्ड्स आणि कपिलच्या हातात विश्वचषक. मधोमध १९७१चा वेस्ट इंडिज दौरा. त्या चौकटीत मी लिहिलं होतं, 'सुनील गावसकर : पाच कसोटींत ७७४ धावा'.

"गावसकर चारच खेळला," ते म्हणाले.

चूक माझीच होती. मालिका पाच कसोटींची, म्हणून मी पाच लिहून मोकळी झाले होते. उद्या दुरुस्ती छापतो, असं मी त्यांना सांगितलं.

"आकडा दुरुस्त कराल हो. पण तो खेळला नाही त्या कसोटीत काय झालं, ते कुणी सांगायचं? वही घेऊन येऊ का?"

दुपारी आले. सत्तरी ओलांडलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीत दोनशे पानी वही, पानापानावर वर्तमानपत्रातले धावफलक खळीने चिकटवलेले. कागद तपकिरी झालेला आणि खळीच्या जागी फुगवटे आलेले. शाळेत असताना केलेली वही. तिकडचा खेळ आपल्याकडे पहाटे संपायचा, त्यामुळे पुरा धावफलक हाती यायला एक दिवस जास्त लागायचा, आणि तो दिवस जाता जायचा नाही, असं ते सांगत होते.

आधी त्यांनी मला गावसकरचे डाव मोजायला लावले. ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. मी बोट ठेवत बेरीज केली. आठ डाव, ७७४. पाच वेळा बाद, म्हणून सरासरी १५४.८०. पहिल्याच मालिकेत! चार कसोटी म्हटल्यावर तो आकडा आणखीच मोठा दिसायला लागला.

"आता मागचं पान उलटा."

किंग्स्टन, सबिना पार्क. पहिली कसोटी, फेब्रुवारी १९७१. बोटाला नखुरडं झाल्यामुळे गावसकर बाहेर बसलेला. भारत ५ बाद ७५. या दौऱ्यासाठी दिलीप सरदेसाईची निवड होईल की नाही, इथपासून शंका होती. कर्णधार अजित वाडेकरने त्याच्यासाठी आग्रह धरला होता. सरदेसाईने एकनाथ सोलकरला हाताशी धरून १३७ धावा जोडल्या. सोलकर ६१. पुढे नवव्या गड्यासाठी प्रसन्नाबरोबर आणखी १२२. सरदेसाई २१२, भारत ३८७. धावफलकातल्या त्या २१२ भोवती शाईने दोनदा गोल केलेला होता, दुसऱ्यांदा इतका दाबून की कागद फाटायला आला होता. वेस्ट इंडिज सर्व बाद २१७.

"१७० धावांची आघाडी," मी म्हणाले. "फॉलोऑन देऊन त्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला लावायचं तर दोनशे लागतात."

काका हसले. त्यांनी त्याच पानाच्या वरच्या कडेला बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने, मुलाच्या अक्षरात लिहिलेलं होतं : पाऊस. खेळ नाही.

पहिला दिवस वाहून गेला की सामना चार दिवसांचा धरतात, आणि मग दीडशेची आघाडी पुरते. नियम मला माहीत होता, पण त्या पानावर तो लागू होतो हे लक्षात आलं नव्हतं. वाडेकरने प्रतिस्पर्धी कर्णधार सोबर्सला जाऊन सांगितलं, पुन्हा तुम्हीच फलंदाजी करा. भारताकडून फॉलोऑन मिळेल, हे त्या संघाच्या ध्यानीमनीही नसावं. सामना अनिर्णित राहिला. कन्हायने नाबाद १५८ करून त्यांना सावरलं, सोबर्सने ९३ केल्या. पण पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, आपण सात गडी राखून जिंकलो. वेस्ट इंडिजवरचा आपला तो पहिला कसोटी विजय. तिथे सरदेसाईचं पुन्हा शतक, ११२. दुराणीने लॉइड आणि सोबर्सला लागोपाठ परत पाठवलं, आणि गावसकरचं पदार्पण झालं. त्या एका विजयावर मालिकाही आपली. सरदेसाईच्या पाच कसोटींत ६४२ धावा. माझ्या पुरवणीत त्याचं नाव एकदाच होतं, तेही संघाच्या यादीत. याची मला खरोखर लाज वाटली. तो विजय पोर्ट ऑफ स्पेनला मिळाला, पण तो संघ उभा राहिला किंग्स्टनला, असं मला आता ठामपणे वाटतं.

त्या रात्री दोन ओळींची दुरुस्ती लावली. संपादकांकडे किंग्स्टनसाठी अर्धं पान मागितलं, रविवारच्या पानावर तीन स्तंभ मिळाले. काकांनी वही एका रात्रीसाठी ठेवून घेऊ दिली. ते पान स्कॅन केलं तेव्हा फुगवट्यांची सावली पडत होती, ती पुसायला मी मना केलं. धावफलकाच्या वर, लेखाची पहिली ओळ म्हणून, ती पेन्सिलची अक्षरं जशीच्या तशी घेतली : पाऊस. खेळ नाही.