मिंच–स्टाइनब्रेनर घराण्याची मालवाहू जहाजे, १:२०० : कामाची प्रगती

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर एकाच कुटुंबाशी निगडित असलेल्या तीन मालवाहू जहाजांच्या प्रतिकृती एकाच प्रमाणात, एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या, असा हा प्रकल्प आहे. ‘ओनोको’ (१८८२), ‘वेस्टर्न रिझर्व्ह’ (१८९०) आणि ‘हेन्री स्टाइनब्रेनर’ (१९०१) ही ती तीन जहाजे. पहिल्याचे रंगकाम सोडून सर्व काम संपले आहे, दुसऱ्याचा सांगाडा घासून तयार आहे आणि तिसऱ्याच्या हॅचची (माल भरण्यासाठी डेकवर असलेल्या तोंडांची) झाकणे सध्या टेबलावर आहेत.

ओहायो राज्यातील व्हर्मिलियन या एरी सरोवरकाठच्या गावी फिलिप मिंच जहाजे बांधीत असे. लाकडी शिडाच्या जहाजांवर पैसा कमावलेल्या या माणसाने क्लीव्हलँडच्या ग्लोब आयर्न वर्क्सकडून ‘ओनोको’ बांधवून घेतले. लोखंडी सांगाड्याचे, सुट्या मालाची वाहतूक करणारे हे सरोवरांवरील पहिले जहाज मानले जाते. लांबी सुमारे ३०२ फूट, म्हणजे आपल्या प्रमाणात ४६ सेंटिमीटर. रुंदी मात्र जेमतेम सहा. सुकाणूघर अगदी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, इंजिन अगदी मागे आणि मध्ये सलग मालखण, ही रचना १८६९ च्या ‘आर. जे. हॅकेट’ या लाकडी जहाजाने आणली होती. ‘ओनोको’ने ती लोखंडात उतरवली आणि पुढची शंभर वर्षे सरोवरांवरील जहाजे जवळजवळ याच ठेवणीची राहिली. देखणेपणाचा आरोप या जहाजावर कोणीही करणार नाही. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ते सोयीचे आहे, कारण मधला मोठा भाग सरळ पेटीसारखा असल्याने वळणदार घासकाम केवळ दोन टोकांपुरते उरते.

सांगाडा बर्च प्लायचे थर एकावर एक चिकटवून केला. पत्र्यांचे जोड दाखविण्याचा प्रश्न दर वेळी येतो. खऱ्या पत्र्याची जाडी १:२०० मध्ये केसाएवढीही उरत नाही, त्यामुळे स्टायरीन या प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्यास त्या बोजड दिसतात. मी एक आड एक पट्ट्यांवर मास्किंग टेप लावून उघड्या भागावर प्रायमरचे चार हात दिले आणि टेप काढली. हाताला जेमतेम जाणवणारी, पण तिरक्या उजेडात स्वच्छ दिसणारी कड त्यातून मिळते. तिन्ही जहाजांना हीच पद्धत वापरणार आहे.

या नमुन्यांत सर्वाधिक वेळ हॅचकडे जातो आणि तो जावा असेच मला वाटते, कारण या जहाजांची सगळी रचनाच मुळात धक्क्याने ठरवली आहे. सुपीरिअर सरोवराकाठी मार्केट (Marquette) या बंदराच्या उंच लाकडी धक्क्यांवर रेल्वेच्या वाघिणी लोहखनिज कप्प्यांत ओतीत आणि तेथून ते घसरपट्ट्यांवरून खाली जहाजात पडे. त्या घसरपट्ट्या बारा बारा फुटांवर होत्या, म्हणून ‘हॅकेट’च्या हॅचचे मध्य चोवीस फुटांवर ठेवले गेले, जेणेकरून एक आड एक घसरपट्टी बरोबर तोंडावर येईल. हे अंतर १:२०० मध्ये ३६.६ मिलिमीटर भरते. फितीने एकेक हॅच मोजत गेल्यास चूक साठत जाते. पितळी पट्टीवर एकदाच खुणा करून तीच पट्टी डेकवर ठेवणे अधिक बरे.

‘वेस्टर्न रिझर्व्ह’ दिसायला ‘ओनोको’चे पुढचे पाऊल वाटते, पण ते पोलादी होते आणि त्या काळी सरोवरांवरील अत्यंत वेगवान जहाजांत गणले जाई. फिलिपचा मुलगा कॅप्टन पीटर मिंच ३० ऑगस्ट १८९२ रोजी पत्नी, दोन मुले, मेहुणी आणि तिची मुलगी यांना घेऊन, जहाज रिकामे असताना, सुपीरिअर सरोवरात शिरला. रात्री वादळात जहाज मधोमध मोडले. एक होडी तत्काळ उलटली आणि उरलेल्यांना घेऊन निघालेली दुसरी होडी दहा तासांनंतर किनारा दृष्टिपथात असताना उलटली. हॅरी स्टुअर्ट हा सुकाणूवाला तेवढा पोहून वाचला. गंधक आणि फॉस्फरस अधिक असलेल्या ठिसूळ पोलादावर संशय घेतला गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच घडणीचे ‘डब्ल्यू. एच. गिल्चर’ मिशिगन सरोवरात नाहीसे झाल्यावर तो आणखी बळावला. २०२४ मध्ये व्हाइटफिश पॉइंटच्या वायव्येस सुमारे साठ मैलांवर, सुपीरिअर सरोवरात सहाशे फूट पाण्याखाली ‘वेस्टर्न रिझर्व्ह’ सापडले. नाळेकडचा अर्धा भाग मागच्या भागावर चढून पडला आहे. मोडलेल्या अवस्थेतील नमुना करण्याची सूचना काही मित्रांनी केली होती. ती मी नाकारली. या फळीवर तिन्ही जहाजे चालू स्थितीतच राहतील, त्याखेरीज त्यांची तुलना होणार नाही.

पीटरच्या मृत्यूनंतर कारभार त्याची बहीण सोफिया हिचा पती हेन्री स्टाइनब्रेनर याच्याकडे आला आणि १९०५ मध्ये किन्समन कंपनी उभी राहिली. न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉल संघ १९७३ मध्ये विकत घेणारा जॉर्ज स्टाइनब्रेनर याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांतला. तारुण्यात तोही या जहाजांच्या धंद्यात होता.

‘हेन्री स्टाइनब्रेनर’ ४२७ फुटांचे, म्हणजे प्रतिकृतीत ६५ सेंटिमीटर. हे १९०९ मध्ये टक्कर होऊन सेंट मेरीज नदीत बुडाले होते आणि वर काढून पुन्हा कामाला लावले गेले. त्याच्या हॅचवर एकमेकांखाली सरकणारी पोलादी पाने होती; पानांच्या फटींतून पाणी शिरते, म्हणून वादळी हवेत त्यांवर ताडपत्री बांधणे आवश्यक असे. मे १९५३ मध्ये सुपीरिअर बंदरातून खनिज भरून निघताना हवा चांगली होती आणि ताडपत्र्या घातल्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, ११ मे रोजी, लाटांनी मागची झाकणे उचकटली आणि आइल रोयाल या सरोवरातील बेटाजवळ जहाज बुडाले. ३१ पैकी १७ जण गेले. म्हणूनच या नमुन्यावर ताडपत्री नसेल. प्रत्येक पान ०.२ मिलिमीटर स्टायरीनचे कापून शेजारच्या पानावर किंचित चढवून बसवीत आहे आणि कडेच्या पकडी तांब्याच्या बारीक तारेच्या करीत आहे. त्या मोजून जितक्या दिसाव्यात तितक्या दिसणारही नाहीत, तरी त्या गाळल्यास या जहाजात पाहण्यासारखे उरते काय?

यानंतर ‘ओनोको’च्या डोलकाठ्यांचा दोर ताणून घेणे आणि ‘वेस्टर्न रिझर्व्ह’चे प्रायमर ही कामे आहेत. चौथे जहाज म्हणून बफेलोला धान्य नेणारे आणि २००२ च्या अखेरीस थांबलेले ‘किन्समन इंडिपेंडंट’ घ्यावे असा विचार होता, परंतु ६४२ फुटांचे ते जहाज या प्रमाणात ९८ सेंटिमीटर होते आणि माझी फळी ९० सेंटिमीटरची आहे.