तीन पत्ती येते म्हणून थ्री कार्ड पोकर येत नाही : वहीवर केलेल्या हिशेबाचा माझा अनुभव

पोळ्याच्या करीला आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात बैल गोठ्यात आणि माणसं पत्त्यांवर, हे ठरलेलं. यंदा गोव्याच्या कॅसिनोत जाऊन आलेल्या एकानं बैठकीत ठोकून दिलं, "भाऊ, तिथंबी आपलीच तीन पत्ती हाये, फक्त नाव इंग्रजी." हे कितपत खरं ते पाहायला मी वही घेऊन बसलो. चार संध्याकाळी लागल्या. अकरावीचं गणित आणि साधा कॅल्क्युलेटर, एवढ्यावर भागतं.

खेळाचं नाव थ्री कार्ड पोकर. डेरेक वेब नावाच्या ब्रिटिश पोकर खेळाडूनं तो १९९४ मध्ये काढला. जोकर काढलेला ५२ पत्त्यांचा एकच कॅट. तुम्ही बाकीच्या खेळाडूंशी खेळतच नाही, फक्त पानं वाटणाऱ्या डीलरशी खेळता. पानं वाटण्याआधी समोरच्या गोलात 'अँटी', म्हणजे सुरुवातीचे पैसे, ठेवायची. मग तुम्हाला तीन, डीलरला तीन पानं. आपली पाहून दोनच गोष्टी करता येतात : पॅक करा आणि अँटी सोडून द्या, किंवा अँटीइतकेच पैसे 'प्ले'वर लावा. कमी नाही, जास्त नाही, तेवढेच. मग डीलर पानं उघडतो. त्याच्याकडे निदान राणी हवी, म्हणजे राणी वरचं पान असलेला हात किंवा त्याहून मोठं काहीही. तेवढं नसेल तर तो बाद : तुम्हाला अँटीवर जेवढ्यास तेवढे मिळतात आणि प्लेचे पैसे जसेच्या तसे परत येतात, मग तुमच्या हातात काही का असेना. तो पात्र ठरला आणि तुमचा हात मोठा असला तर अँटी आणि प्ले दोन्हींवर जेवढ्यास तेवढे. लहान असला तर दोन्ही गेले. बरोबरी झाली तर दोन्ही परत.

तीन पत्तीवाला पहिल्यांदा इथं अडखळतो. आपल्याकडे सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे वगैरे. तिथं सगळ्यात वर एकाच रंगाचा रन, म्हणजे ओळीनं येणारी तीन पानं, आणि ट्रेल दुसरा. मला वाटलं छापायची चूक असेल, म्हणून मोजायला घेतलं. ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले ६, म्हणजे तीन पानांचे एकूण २२,१०० हात. ट्रेल : १३ पानं, प्रत्येकाची चारांपैकी तीन निवडायच्या ४ तऱ्हा, म्हणून ५२. रंगाचा रन : एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ रन, चार रंग, म्हणून ४८. म्हणजे रंगाचा रन ट्रेलपेक्षा चार हातांनी दुर्मीळ. हिशेबानं पोकरवाले बरोबर. आपली तीन पत्ती ट्रेलला मान देते तो रिवाज म्हणून, गणित म्हणून नव्हे.

पुढचं मोजताना माझ्या दोन चुका झाल्या. साध्या रनात १२ गुणिले ६४ करून ७६८ लिहून मोकळा झालो, त्यातले रंगाचे ४८ वजा करायचेच राहिले. खरे ७२०. कलरमध्येही, म्हणजे रन नसलेल्या एकाच रंगाच्या तीन पानांतही, तेच : एका रंगातून तीन पानं २८६ तऱ्हांनी, चार रंगांचे १,१४४, त्यातून ४८ गेले की १,०९६. जोडी १३ गुणिले ६ गुणिले ४८, म्हणजे ३,७४४. उरलेले १६,४४० हात नुसत्या वरच्या पानाचे. सगळ्यांची बेरीज २२,१०० आली पाहिजे, नाही आली तर मागे कुठेतरी हे ४८ दोनदा धरले गेले आहेत. राजा-एक्का-दुर्री हा रन नाही, एक्का वळून येत नाही. आणि एक्का-दुर्री-तिर्री हा तिथं सगळ्यात लहान रन. आपल्याकडे काही गावांत तो दुसऱ्या नंबरचा, काही ठिकाणी पहिला धरतात. ती सवय घेऊन बसलात तर डीलरशी वाद होईल आणि हरणार तुम्हीच.

आता मुख्य प्रश्न : प्ले कधी लावायचा? टेबलावरचे जाणकार सांगतात, राणी-छक्की-चौकी किंवा वर असेल तर लावा, खाली असेल तर पॅक. मला ही चौकी कुठून आली ते कळेना. पण ती कागदावर काढता येते, आणि मला या सगळ्या कामात सर्वांत आवडलेला भाग हाच.

आधी डीलर किती वेळा बाद होतो ते काढा. दुर्री ते गुलाम ही १० पानं, त्यांतून तीन वेगळी पानं १२० तऱ्हांनी. त्यांतले ८ रन वजा, ११२ राहिले. रंगांच्या ६४ जुळण्यांतून ४ एकरंगी वजा, ६० राहिल्या. ११२ गुणिले ६० म्हणजे ६,७२० हात. २२,१०० मध्ये हे ३०.४१ टक्के. उरलेल्या ६९.५९ टक्के वेळा तो पात्र.

समजा तुमच्या हातात अगदीच भंगार आहे, गुलामाच्या खालचं. अँटी १०० रुपये. पॅक केलं तर नक्की १०० गेले. प्ले लावला तर १०० पैकी ३०.४१ वेळा डीलर बाद आणि तुम्हाला १०० मिळाले. उरलेल्या ६९.५९ वेळा तो पात्र, म्हणजे त्याच्याकडे तुमच्याहून मोठंच असणार आणि २०० गेले. ३०.४१ वजा १३९.१९, सरासरी १०८.७८ चा तोटा. पॅक स्वस्त पडलं.

आता हातात राणी आली की पात्र डीलरचे काही हात तुम्ही मारता. असा प्रत्येक हात तुम्हाला उणे २०० वरून अधिक २०० वर नेतो, म्हणजे ४०० चा फरक. राणी-छक्की-चौकी काय काय मारते? राणीसोबत तिर्री-दुर्री, चौकी-दुर्री, चौकी-तिर्री, पंजी-दुर्री, पंजी-तिर्री, पंजी-चौकी, छक्की-दुर्री आणि छक्की-तिर्री. आठ जुळण्या, प्रत्येकी ६०, म्हणजे ४८० हात, २.१७ टक्के. त्याचे ८.६९ रुपये परत आले. बरोबरीचे ६० हात आणखी ५४ पैसे वाचवतात. १०८.७८ मधून हे गेले की राहिला ९९.५५ चा तोटा. पॅकपेक्षा ४५ पैशांनी बरा, म्हणून लावा. राणी-छक्की-तिर्री घेतली तर मारलेल्या जुळण्या सातच, आणि तोटा १००.६३ वर जातो. पॅकपेक्षा ६३ पैशांनी वाईट. चौकी आणि तिर्रीच्या मधोमध रेघ अशी पडते. आपल्या हातातली पानं डीलरकडे जाऊ शकत नाहीत हे मी इथं धरलेलं नाही. ते धरलं की पैसे थोडे हलतात, पण रेघ तिथंच राहते.

मग मी विचारलं, ही चौकी-तिर्रीची बारीक रेघ पाळून मिळतं काय? नियम सोपा केला, "राणी असेल तर लावा, नसेल तर पॅक", तर १०० च्या अँटीवर सरासरी ३.४५ रुपये जातात. राणी-छक्की-चौकीचा नियम पाळला तर ३.३७. इतकी मगजमारी करून शंभराला आठ पैसे. म्हणून आमच्याकडच्या मंडळींना मी फक्त राणी सांगतो, पुढचं ज्याला हौस त्यानं पाठ करावं.

खरा मार पडतो तो बंद, म्हणजे पानं न पाहता, खेळणाऱ्याला. तीन पत्तीत बंद खेळणाऱ्याला अर्धीच चाल टाकावी लागते, ती एक सवलत आहे, आणि समोरच्याला घाबरवताही येतं. इथं बंद खेळायला सूट नाही आणि डीलर घाबरत नाही : तो पॅक करूच शकत नाही. पानं न पाहता दर वेळी प्ले लावला तर तोटा ७.६५ टक्के, दुपटीपेक्षा जास्त. आपल्या बैठकीतला सगळ्यात पोचलेला गडी तिथं सगळ्यात आधी रिकामा होतो, तो या एका सवयीपायी.

हे ३.४५ येतात कुठून, ते वहीत जमा-नावे करून पाहिलं. "राणी असेल तर लावा" हा नियम, अँटी १००. दोघंही पात्र असले की जिंकण्या-हरण्याची संधी सारखी, तिथं घराला, म्हणजे कॅसिनोला, काही मिळत नाही. तुम्ही पॅक केलं त्या ३०.४१ टक्के वेळांचे ३०.४१ रुपये गेले. तुम्ही लावला आणि डीलर बाद झाला, त्याचे २१.६७ आले. दोन्हीकडची टक्केवारी सारखी असती तर हिशेब मिटला असता. पण तुमच्याकडे राणी नसते तेव्हा पुष्कळदा डीलरकडेही नसते, आणि ते पैसे तुम्ही आधीच सोडून बसलेले असता. आधी बोलावं लागतं, एवढीच घराची कमाई. मध्ये अँटी बोनस थोडा हात देतो : साध्या रनाला एकास एक, ट्रेलला चार, रंगाच्या रनाला पाच, आणि हा बोनस डीलरनं तुम्हाला हरवलं तरी मिळतो. तो ५.२९. एकूण ३.४५ नावे.

शेजारी 'पेअर प्लस' नावाचा आणखी एक गोल असतो. तो डीलरच्या पानांशी संबंध ठेवत नाही, तुमच्याकडे जोडी किंवा वर आलं की पैसे. इथं मात्र टेबलावर छापलेली पाटी आधी वाचायची. जोडीला १, कलरला ४, रनाला ६, ट्रेलला ३०, रंगाच्या रनाला ४० अशी पाटी असेल तर घराचा वाटा २.३२ टक्के. तीच पाटी कलरला ४ ऐवजी ३ देत असेल तर ७.२८ टक्के. एकाच आकड्यानं तिप्पट! पडताळायचं तर वरचे मोजलेले हात दरांनी गुणा : ४० गुणिले ४८, ३० गुणिले ५२, ६ गुणिले ७२०, असं करत बेरीज करा आणि ती १६,४४० मधून वजा करा. पहिल्या पाटीत ५१२ उरतात, दुसरीत १,६०८. २२,१०० नं भागलं की टक्के. या गोलात चारात तीन डाव कोरे जातात, आणि सलग १० डाव कोरे जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. 'आता तर लागलंच पाहिजे' असं वाटणं तिथूनच सुरू होतं.

सरावासाठी आम्ही पैसे लावले नाहीत. चिप्स म्हणून आधी सरकी घेतली, ती एकमेकींना चिकटून मोजताच येईना. मग तुरीचे दाणे घेतले. एक जण डीलर, एक खेळाडू, तिसरा वहीत रेघा मारणारा. राणी-छक्की-चौकीचा नियम धरला तर १०० डावांत साधारण ३३ वेळा पॅक, ३० वेळा डीलर बाद, १७ वेळा जोडी, ५ वेळा कलर, ३ वेळा रन यायला हवा. आकडे तंतोतंत जुळत नाहीत म्हणून घाबरू नये : बादची संख्या २१ ते ३९ मध्ये कुठेही असली तरी कॅट नीट पिसला आहे असं समजा. सरावात वारंवार होणाऱ्या चुका तीन. डीलर बाद झाला तरी प्लेवर पैसे देणं. डीलरचा मोठा रन पाहून स्वतःच्या रनाचा बोनस मागायचा विसरणं. आणि दुर्रीची जोडी 'लहान आहे' म्हणून टाकणं. जोडी कितीही लहान असो, पॅक करायची नाही.

पैशाचं म्हणाल तर तासाला ४० डाव धरा. १०० ची अँटी, चांगला नियम पाळून सरासरी १३५ रुपये तासाला. त्यात वाईट पाटीच्या पेअर प्लसवर दर डावाला १०० टाकलेत की आणखी २९१. ही सरासरी झाली, एका रात्री काय होईल ते ती सांगत नाही. रंगाचा रन ४६० डावांतून एकदा, म्हणजे साडेअकरा तास टेबलावर बसल्यावर एकदा.

शिवाय कर. कॅसिनोवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो चिप्स घेताना दिलेल्या रकमेवर मोजला जातो. तो तुमच्या चिप्सच्या किमतीत कसा धरला आहे, हे खिडकीवरच विचारून घ्या, कारण त्यापुढे माझे ३.३७ टक्के म्हणजे गोणीतला दाणा.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. पैसे लावून पत्ते खेळले की १८८७ चा जुगार कायदा आहेच, करीच्या दिवशीही. मोबाइलवर पैशाचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले, त्यामुळे 'घरबसल्या थ्री कार्ड' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

वहीतलं ते पान मी फाडून कॅटच्या डबीत ठेवलं आहे. त्यावर चारच ओळी : राणी असेल तर लावा, जोडी कधी टाकू नका, बंद खेळू नका, कलरला ३ दिसले तर पेअर प्लसचा गोल रिकामा ठेवा. खाली पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलंय, "राणी-छक्की-तिर्री : ६३ पैसे."