टायटॅनियमचं पेन: बॉडी झाली, आटे बाकी

ग्रेड ५ चा (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटॅनियमचा) १४ मिमीचा बार एकदाचा लेथवर चढला. बॉडी आतून-बाहेरून टर्न झाली आहे, बाहेर १२.५, आत ९.५, म्हणजे भिंत जेमतेम दीड मिमीची.

टायटॅनियम कडक म्हणून त्रास देतं, असं सगळे म्हणतात. खरी गोची उष्णतेची आहे. ६०६१ ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता १६७ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, साध्या स्टीलची ५० च्या, आणि या मिश्रधातूची जेमतेम ७! चिप, म्हणजे कापून निघणारा कीस, उष्णता घेऊन जात नाही, जॉबही शोषत नाही, सगळी टूलच्या धारेवर साचते. म्हणून कापण्याचा स्पीड मिनिटाला ४० मीटर धरला, म्हणजे या बारला साधारण ९०० आरपीएम. फीड, म्हणजे एका फेरीत टूल पुढे सरकतं ते अंतर, मात्र ०.०८ मिमीच्या खाली जाऊ दिला नाही. ॲल्युमिनियमसाठी येतात ते बिनकोटिंगचे, पॉलिश केलेले धारदार इन्सर्ट (टूलच्या टोकाला लावायचे बदलते कापणारे तुकडे) वापरले. छोट्या लेथवर त्यांना तोड नाही. कूलंट सढळ हाताने.

९ मिमीच्या कोबाल्ट ड्रिलला आणखी कमी, ४२५ आरपीएम. चिप काढायला ड्रिल पूर्ण बाहेर घ्यायचं, पण भोकात नुसतं फिरत ठेवायचं नाही. घासलं की तळ कडक झालाच, मग पुढे सरकायचं नाव नाही.

स्टीलला आपण शेवटी तोच कट पुन्हा फिरवतो, साइज येते. इथे ती सवय सोडा. टायटॅनियमची ताठरता स्टीलच्या साधारण निम्मी. पातळ भिंत टूलपासून लांब पळते आणि इन्सर्ट नुसता घासत राहतो. मी फिनिशला व्यासावर ०.४ मिमी ठेवले आणि एका दमात काढले. पृष्ठभाग राखाडी, रेशमी आला. बफिंग करणार नाही.

बारीक कीस पेट घेतो, हे नवख्यांनी लक्षात ठेवा. पेटलेल्या किसावर पाणी अजिबात टाकायचं नाही. कोरड्या वाळूची बादली लेथशेजारी हवी. ट्रेमधला कीस मी दर वेळी झाकणाच्या डब्यात भरतो.

आता आटे. टॅप (भोकात फिरवून आटे पाडायचं हत्यार) नकोच, भोक मागे दबून टॅपला आवळतं. आतले आटे सिंगल पॉइंट, म्हणजे एकाच टोकाच्या, टूलने लेथवर पाडणार, ०.७५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर). टोपीच्या आत पितळेची रिंग बसवणार आहे, कारण टायटॅनियमवर टायटॅनियमचे आटे फिरवले की एकमेकांना चावतात आणि कधीकधी कायमचे जाम होतात. रिंग प्रेस-फिट करावी (घट्ट मापाची ठेवून दाबून बसवावी) की लॉक्टाइटने, म्हणजे धातू जोडायच्या गोंदाने, चिकटवावी, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. माझा कल लॉक्टाइटकडे आहे, दीड मिमीच्या भिंतीवर प्रेस मारायला हात धजत नाही.