दोन गल्ल्यांसाठी मुंबईची वारी

कऱ्हाडात माझा इंटरनेटचा धंदा. लायसन्स 'सी' वर्गाचं, म्हणजे साधारण जिल्ह्यापुरतं. दोन गल्ल्या सोडून दुसरा ऑपरेटर. त्याला सगळे दादा म्हणतात. दहा वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं फोडण्यात घालवली.

एकदा भाच्याच्या दुकानातला कॅमेरा माझ्या ऑफिसातून दिसेना. दुकानाला कनेक्शन दादाचं. ट्रेसराउट (डेटाचा रस्ता दाखवणारी कमांड) मारला तर डेटा माझ्याकडून मुंबईला जाऊन तिथून परत कऱ्हाडात! जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर, आणि दोघांचंही ट्रान्झिटचं, म्हणजे मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेल्या इंटरनेटचं, मीटर चालू.

दादाकडे गेलो. म्हटलं, "दादा, मधे वायर टाकू." त्यानं आधी चहा मागवला, मग विचारलं, "खर्च कुणाचा?" ठरलं ते सोपं होतं: वायर निम्मी-निम्मी, आपापल्या टोकाचं सामान आपापलं, डेटाचा हिशोब नाही. दोघांकडे आपापला एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक, होताच. लायसन्सवाल्या दोन कंपन्यांनी थेट जोडायला नियमाची आडकाठी नाही.

घोळ मी घातला. बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना आपल्याकडचे रूट (रस्ते) सांगायची पद्धत, चालू करताना कुठले रूट सांगायचे ते ठरवणारा फिल्टर लावायचा राहिला. माझ्या ट्रान्झिटवाल्याकडून आलेले सगळे रूट दादाला गेले आणि दादाचे माझ्या ट्रान्झिटवाल्याला. दादाची गिऱ्हाइकं सहा तास माझ्या पैशानं इंटरनेट वापरत होती. ग्राफ छताला चिकटलेला.

बिल मात्र वाढलं नाही. दर पाच मिनिटांना वापर मोजतात, महिन्याचे ८,६४० आकडे होतात, त्यातले वरचे पाच टक्के, म्हणजे ३६ तास, सोडून देतात आणि उरलेल्यातल्या सर्वोच्च आकड्यावर बिल लावतात. माझे सहा तास त्यात जिरले. आयपीएलची एखादी रात्रही अशीच जिरते. पण रोज संध्याकाळी तीन-चार तास मॅच म्हटल्यावर महिन्याचे शंभर तास होतात, तेव्हा बिल बसतंच.

मग मुंबईच्या एक्स्चेंजला, म्हणजे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडतात त्या ठिकाणी, जायचं ठरलं, आणि खरी खडाजंगी तिथे झाली. पीअरिंग (नेटवर्कांनी एकमेकांना थेट डेटा देणं-घेणं) 'फुकट' म्हणतात, पण एक्स्चेंजवरच्या पोर्टचं भाडं, डेटा सेंटरमधल्या क्रॉस-कनेक्टचं (आपल्या सामानापासून त्या पोर्टपर्यंतच्या वायरचं) भाडं आणि सगळ्यात जड म्हणजे कऱ्हाड ते मुंबई लाइन! ते कोण देणार? दादाचा वापर माझ्या दुप्पट, म्हणून तो म्हणे अर्धं-अर्धं. मी म्हणे वापराप्रमाणे. त्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात जुना नियम भरवलेला. २००३ साली सुरू झालेल्या निक्सी या भारतातल्या एक्स्चेंजमध्ये पूर्वी डेटा ओढणाऱ्यानं देणाऱ्याला पैसे मोजायचे. तो नियम आता नाही, आणि असता तरी आम्ही दोघेही ओढणारेच; गिऱ्हाइकं घरी बसून व्हिडिओ बघणार, आम्ही देणार काय?

शेवटी डायरीत लिहून सही केली. पोर्ट आणि क्रॉस-कनेक्ट निम्मं, कारण कमी वापरलं म्हणून ते स्वस्त होत नाही. लाइन मात्र ३६ तास वगळून उरलेल्या सर्वोच्च आकड्याप्रमाणे. पहिल्या महिन्यात माझा एक वाटा, त्याचे दोन. एका मोठ्या नेटवर्कनं मात्र आमच्याशी पीअरिंग करायला नकार दिला, 'ट्रान्झिट विकत घ्या' म्हणाले. तेवढं अजून विकतच घेतोय.

कॅमेरा आता लगेच उघडतो. त्याच आठवड्यात दादानं शनिवार पेठेतली माझी अख्खी सोसायटी फोडली. लाइनचे त्याचे दोन वाटे पाच तारखेला जमा झाले. आता वापर वाढल्यानं त्याचे अडीच करायचे आहेत. अजून मी बोललेलो नाही.